दीर्घ श्वास

मराठी भाषेने श्वासोच्छ्वासावर जितके शब्द खर्ची घातले आहेत, तितके दुसऱ्या कोणत्याही शारीरिक क्रियेवर क्वचितच घातले असतील. आपण दम धरतो, दम खातो, लहानांस दम भरतो. चढणीवर धाप लागते, वाईट वार्तेने श्वास अडकतो, दुःखात उसासा निघतो आणि संकट टळले म्हणजे सुटकेचा सुस्कारा. ज्याचा दम पुरत नाही त्याच्या दुखण्यास तर आपण सरळ दमाच म्हणतो. ह्या शब्दभांडारात आम्हां शिक्षकांचे एक आवडते वाक्य आहे: ‘दीर्घ श्वास घे.’ परीक्षेच्या खोलीत जाऊ लागलेल्या मुलीस, शंभर मीटरच्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलास, नाताळच्या उपासनेत गीत सुरू करण्यापूर्वी गायनवृंदास आम्ही हे वाक्य इतक्या वेळा ऐकविले आहे की, श्वास दीर्घ घेतला म्हणजे छातीच्या आत नेमके काय घडते, हा विचार आमच्या मनास कधी शिवलाच नव्हता. तो यावयास एक चूक घडावी लागली, आणि ती आमच्याच हातून घडली.

ही गोष्ट 2018 सालच्या डिसेंबरातील. आमच्या शहरास छत्रपती संभाजीनगर हे नाव 2023 साली मिळाले. तेव्हा ते औरंगाबादच होते. इयत्ता सातवीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यावर सहलीस गेलो होतो. सकाळची थंडी होती. चांद मिनार मागे पडला, खंदकावरील पूल ओलांडला आणि रांग अंधारीत शिरली. ज्यांनी देवगिरी पाहिला आहे त्यांस ही अंधारी ठाऊकच असेल. कातळात कोरलेला वळणावळणांचा तो काळोखा मार्ग, पायाखाली उंचसखल पायऱ्या, डोक्यावर वटवाघळे आणि त्यांच्या विष्ठेचा कोंदट, नाकास झोंबणारा दर्प. शत्रूची दिशाभूल व्हावी म्हणून केलेल्या ह्या मार्गात मुलांस मोठी मौज वाटते. कोणी किंचाळत होते, कोणी मुद्दाम हातातील दिवा विझवून मागच्यास भिववीत होते. त्या गोंगाटात आम्हांस जवळच एक बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. प्रथम वाटले की कोणी खोडकर शीळ घालीत आहे. दिवा फिरवून पाहिले, तो एक मुलगा भिंतीस टेकून उभा, खांदे वर चढलेले, तोंड उघडे. शीळ त्याच्या छातीतून येत होती.

आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आमचे नेहमीचे वाक्य उच्चारिले. “घाबरू नकोस बाळ. दीर्घ श्वास घे. हां, आणखी दीर्घ.” मुलगा मोठा आज्ञाधारक. त्याने घेतला. पुन्हा घेतला. प्रत्येक श्वासासरशी त्याच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जाऊ लागला, खोकल्याची उबळ आली, आणि आम्ही आपले कवायतीच्या मास्तराच्या थाटात “आणखी, आणखी” म्हणतच होतो. अखेरीस त्याने आमची बाही धरली आणि दोन तुकड्यांत दोन शब्द उच्चारिले: “सर... पंप.”

पंप दप्तरात होता, दप्तर बसमध्ये होते आणि बस गडाच्या पायथ्याशी होती. आमच्या वर्गातील दोन मुली, आम्ही काही सांगण्यापूर्वीच, शिपाईमामांना घेऊन खाली धावल्या. आम्ही मुलास उचलून उजेडात आणले, बसविले, सदऱ्याची वरची गुंडी सोडली. त्यास आडवे करावे असे कोणीतरी सुचविले. पण तो आडवा व्हावयास तयार होईना, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकून बसला. पुढे समजले की तोच शहाणा होता. मुली परत येईपर्यंतची ती पाऊण घटका आमच्या नोकरीतील सर्वांत दीर्घ होय. पंपाचे दोन झुरके छातीत गेले आणि काही मिनिटांत ती शीळ मंदावत मंदावत थांबली. मुलगा म्हणाला, “सर, आता सर्वांबरोबर वर जाऊ?” आम्ही त्यास वर नेले नाही, हे सांगावयास नकोच.

सोमवारी मुलाचे वडील शाळेत आले. ते रागावतील, आम्हांस चार शब्द सुनावतील, अशी आमची अपेक्षा होती व ते योग्यही झाले असते. परंतु ते हात जोडून उलट आमचीच क्षमा मागू लागले. मुलास दमा आहे हे त्यांनी शाळेपासून लपविले होते. पंप दप्तराच्या तळाशी, रुमालात गुंडाळून ठेवावयाचा आणि कोणाच्या देखत काढावयाचा नाही, अशी मुलास घरची ताकीद होती. “सर, लोक म्हणतात पंपाची सवय लागते. एकदा लागला की जन्माचा. आणि घरात मोठी मुलगी लग्नाची आहे. चारचौघांत समजले तर...” वाक्य त्यांनी पुरे केले नाही. उपाय मात्र त्यांनी पुष्कळ केले होते. सलग तीन वर्षे मृगाच्या मुहूर्तावर ते मुलास घेऊन हैदराबादेस गेले होते. तेथे जिवंत मुरळ माशाच्या तोंडात औषधाची गोळी घालून तो मासा रोग्यास गिळविण्याची प्रथा आहे. आमचा मराठवाडा एके काळी निजामाच्या राज्यात होता, आणि राज्य गेले तरी हैदराबादची वाट इकडच्या लोकांच्या पायांतून गेलेली नाही. त्या औषधाचा गुण शास्त्राच्या कसोटीस उतरलेला नाही. तरीही रात्रभराचा प्रवास करून, लेकरास खांद्यावर घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बापास हसण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. ज्या गृहस्थाने अंधारीत त्याच लेकरास “आणखी, आणखी” म्हटले होते, त्यास तो अधिकार तरी कोणता?

त्याच आठवड्यात आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडे गेलो. तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या घाटीत, डॉक्टर आहे. सगळी हकीकत ऐकून तो हसला आणि म्हणाला, “सर, तुमचे वाक्य चुकीचे नाही. तुम्ही ते चुकीच्या मुलास सांगितले.” मग त्याने आम्हांस समोर बसविले आणि आम्ही त्यास जसे शिकविले होते तसे, कागदावर आकृत्या काढून, तो आम्हांस शिकवू लागला. नंतर त्याने वाचावयास दिलेले काही शोधनिबंध आम्ही शब्दकोश जवळ घेऊन वाचले. त्यांतून जे हाती आले ते येथे देतो.

घशातून खाली उतरणारी श्वासनलिका म्हणजे उलटा धरलेला वृक्ष. तिच्या दोन फांद्या होतात, त्या प्रत्येकीच्या दोन, त्यांच्या पुन्हा दोन. अशी ही विभागणी सुमारे तेवीस वेळा होते आणि शेवटी पानांच्या जागी कोट्यवधी वायुकोश लागतात. ह्या नळ्यांच्या भिंतींत स्नायूंचे पट्टे गुंडाळलेले आहेत. स्ट्रासबर्ग येथील वैद्य राइसायसेन ह्यांनी 1808 साली त्यांचे वर्णन केले. हे स्नायू अनैच्छिक आहेत. हातापायांच्या स्नायूंप्रमाणे आपल्या हुकमात नाहीत. ते आवळले की नळी अरुंद होते आणि दम्याच्या झटक्यात नेमके हेच होते. निरोगी माणसात त्यांचे प्रयोजन काय, ह्यावर विद्वानांचे अद्याप एकमत नाही. 2004 साली एका अमेरिकन शास्त्रज्ञाने तर त्यांस फुप्फुसातील आंत्रपुच्छ म्हटले. म्हणजे असून उपयोग नाही, बिघडले तर मात्र प्राणावर बेतते. निर्मात्याच्या कारागिरीत अडगळ असेल असे आमच्या मनास पटत नाही. पण आमच्या न पटण्याने प्रश्न सुटत नाही, हेही खरे.

आता ह्या नळ्यांवर श्वासाचा जोर कसा पडतो ते पाहू. फुप्फुसाचा स्पंजासारखा मऊ भाग प्रत्येक लहान नळीस चहूंकडून चिकटलेला असतो. छाती फुगली की हा स्पंज ताणला जातो आणि नळीच्या भिंतीस बाहेर ओढतो. तंबूच्या दोऱ्या चारी बाजूंनी ताणल्या म्हणजे कापड कसे उघडते, तसे. म्हणून श्वास घेताना नळ्या किंचित रुंदावतात, सोडताना किंचित अरुंद होतात आणि भिंतीतील स्नायूही त्या तालावर ताणला व सैल केला जातो. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे साध्या श्वासात तो आपल्या लांबीच्या सुमारे 4 टक्के आणि मोठ्या उसाशात सुमारे 12 टक्के ताणला जातो. प्रौढ माणूस दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास श्वास घेतो. म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत ह्या स्नायूस एका क्षणाचीही स्वस्थता नाही.

आणि ह्याच अस्वस्थतेत आपले आरोग्य आहे. 1961 साली नादेल आणि टिअर्नी ह्या दोघा अमेरिकन वैद्यांनी दाखविले की, निरोगी माणसाच्या श्वासनलिका औषधाने मुद्दाम आवळविल्या आणि मग त्यास एक दीर्घ श्वास घ्यावयास लाविला, तर नळ्या काही काळ पुन्हा मोकळ्या होतात. आमचे वाक्य खरे ठरले ते येथे! परंतु खरी गंमत 1995 सालच्या प्रयोगात आहे. ग्वेन स्क्लूट व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांस तेच नळ्या आवळणारे औषध हुंगविले, पण एक अट घातली: प्रयोग चालू असेतोवर दीर्घ श्वास म्हणून घ्यावयाचा नाही. जांभई नाही, सुस्कारा नाही. सारा व्यवहार उथळ श्वासावर. एरवी ज्या औषधाचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नसता, त्यानेच ह्या धडधाकट माणसांच्या नळ्या दमेकऱ्यांसारख्या आवळल्या. अट उठवून दीर्घ श्वास घेऊ देताच त्या सुटू लागल्या. दमेकऱ्यांत मात्र दीर्घ श्वासाने ही सुटका होईना.

हे वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. म्हणजे आपण नकळत सोडतो तो सुस्कारा ही केवळ मनाची हुरहुर नव्हे तर! माणूस जागेपणी, मनात काही दुःख नसतानाही, साधारण दर पाच मिनिटांस एक मोठा श्वास घेतो. वर्गात मागच्या बाकावर कोणी उसासा टाकला की आमचा तास कंटाळवाणा झाला, असे आम्ही वर्षानुवर्षे समजत आलो. (काही वेळा तसेही असेल.)

ताणल्याने स्नायू सैल का पडतो, ह्याचा छडा लावण्यात हार्वर्ड विद्यापीठातील जेफ्री फ्रेडबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी 1997 साली जनावराच्या श्वासनलिकेतील स्नायूची पट्टी घेऊन तिला श्वासाच्या तालावर ताणून पाहिले. ते सारे गणित येथे मांडण्याचे स्थळ नव्हे. वर्गास ते समजवावे कसे, ह्या विवंचनेत असताना जानेवारीतील क्रीडासप्ताह आला आणि रस्सीखेचीचा दोर आमच्या मदतीस धावला.

स्नायूच्या पेशीत दोन प्रकारचे तंतू असतात: ॲक्टिन आणि मायोसिन. मायोसिनाला असंख्य चिमुकली डोकी असतात. ती ॲक्टिनचा तंतू पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. आम्ही दोराचे एक टोक मैदानाकडेच्या कडुनिंबास बांधले आणि दहा मुलांस दुसरीकडून ओढावयास लाविले. दोर म्हणजे ॲक्टिन, मुलांचे हात म्हणजे मायोसिन. झाड आणि मुले ह्यांच्यामध्ये दोराशी दोघे उभे केले व त्यांस सांगितले की, ढोलाच्या प्रत्येक ठोक्यास दोर आडवा खेचून झटका द्यावयाचा. हे दोघे म्हणजे श्वास. त्यांपैकी एक तो अंधारीतला मुलगा होता. ढोल वाजू लागला. दर झटक्यास कोणाचा ना कोणाचा हात सुटे, तो पुन्हा पकडी तोच पुढला झटका येई. दहा जण ओढत होते खरे, पण दहाही हात एकाच वेळी घट्ट आहेत असा क्षण काही येईना, आणि दोर ढिलाच राही. मग आम्ही ढोल थांबविला. मिनिटाभरात दहाही मुलांनी टाचा मातीत रोवल्या, मुठी आवळल्या आणि दोर तारेसारखा ताठ झाला. आता पुन्हा ढोल सुरू केला. पण दोर इतका ताठ की त्या दोघांच्या झटक्याने तो हलेच ना. हात सुटेनात म्हणून दोर हलेना, आणि दोर हलेना म्हणून हात सुटेनात.

नळीच्या भिंतीत घडते ते असेच. श्वास चालू आहे तोवर मायोसिनाची डोकी आपले काम पुरे होण्याआधीच झटक्याने सुटत राहतात आणि स्नायू मऊ राहतो. श्वास उथळ झाला, स्नायूस ताण पडेनासा झाला, की पकड बसत जाते. ह्या जातीच्या स्नायूची खोड अशी की, एकदा पकड बसली म्हणजे फारशी शक्ती न वेचता तो ती दीर्घ काळ टिकवितो, जणू कडी लागली. मग ताठ झालेल्या स्नायूस साधा श्वास पुरेसा ताणू शकत नाही. 2007 साली ह्याच शास्त्रज्ञमंडळीने एकेकट्या जिवंत पेशीस ताण देऊन पाहिला. ताणताच पेशीचा आतला सांगाडा एकाएकी मऊ पडला, जवळजवळ पातळ झाला म्हणा ना, आणि मग हळूहळू पुन्हा घट्ट होत गेला. केवळ हातांची पकडच सुटते असे नव्हे, तर दोरही विरघळतो आणि पुन्हा वळला जातो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

प्रयोग संपल्यावर मुले पांगली. अंधारीतला मुलगा मात्र दोर गुंडाळीत मागे राहिला. त्याने विचारिले, “सर, मग माझ्या दीर्घ श्वासाने माझे हात का सुटले नाहीत?”

ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर आम्हांस देता आले नाही आणि घाटीतील आमच्या डॉक्टरासही एका वाक्यात देता आले नाही. दम्यात नळीची भिंत आतून सुजते, चिकट कफ साठतो. सुजलेल्या भिंतीमुळे स्पंजाची ओढ स्नायूपर्यंत नीट पोहोचत नसावी, असा एक तर्क आहे. तंबूच्या दोऱ्या ताणल्या तरी खांबच भिजक्या गाद्यांत रुतले असतील तर कापड उघडावे कसे? दुसरा तर्क असा की, दमेकऱ्याचा स्नायूच अधिक बळकट किंवा अधिक चपळ असतो आणि सुटलेली पकड क्षणार्धात पुन्हा बसवितो. ह्यांतील कोणते कारण कितपत खरे, ह्यावर वाद चालू आहे. एक गोष्ट मात्र निश्चित आहे, आणि ती ऐकून आम्हांस अंधारीतली ती सकाळ नव्याने दिसली. झटक्याच्या वेळी रोग्यास हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक जड जाते. श्वास सोडताना आधीच अरुंद नळ्या आणखी मिटतात, जुनी हवा छातीतच कोंडून राहते आणि छाती फुगलेलीच राहते. म्हणजे आम्ही काठोकाठ भरलेल्या घागरीत “आणखी, आणखी” म्हणत पाणी ओतावयास सांगत होतो. तो खांदे वर करून उभा होता तो श्वास मिळत नाही म्हणून नव्हे इतका, जितका तो टाकता येत नाही म्हणून.

येथे आम्हांस एका महाराष्ट्रीयाचे स्मरण होते. खानदेशातील अमळनेरच्या महाविद्यालयाचे काही वर्षे प्रमुख असलेले जगन्नाथ गणेश गुणे, पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आलेले, ह्यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. प्राणायामाने अमुक होते, तमुक होते असे परंपरेने सांगत आलेल्या गोष्टी त्यांनी यंत्रासमोर आणून उभ्या केल्या. उड्डियान व नौली ह्या क्रिया चालू असता शरीराच्या पोकळ्यांतील दाब किती उतरतो, हे त्यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने मोजले. श्वास हे एक बल आहे आणि त्याचे माप घेता येते, ही दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते. आम्ही ख्रिस्ती आहोत, योगाभ्यासी नाही. परंतु मातीच्या मनुष्यात देवाने जीवनाचा श्वास फुंकला, हे आमच्या शास्त्रात वाचीत असता त्या श्वासाचा दाब मोजणाऱ्या माणसाविषयी आम्हांस परकेपणा वाटत नाही. दमेकऱ्यास स्वस्थ काळात श्वासाच्या व्यायामाने थोडाफार आराम वाटतो, असे आमचा डॉक्टरही सांगतो. मात्र झटका आला असता व्यायाम नव्हे, पंप. आणि रोजच्या औषधाच्या जागी तर कोणताच व्यायाम नव्हे. ह्याविषयी त्याने आम्हांस दोनदा बजाविले.

मुलाच्या वडिलांस आम्ही पुन्हा बोलाविले ते ह्यासाठीच. आमच्याजवळ आता त्यांस सांगण्याजोगी एक गोष्ट होती. 2011 साली इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथे काही सौम्य दमेकऱ्यांच्या नळ्या थोड्या दिवसांच्या अंतराने वारंवार आवळविण्यात आल्या. काहींच्या बाबतीत ज्या औषधाने त्या आवळविल्या त्याने सूज येत नाही. केवळ नळी आवळली जाते, इतकेच. तरीही त्यांच्या नळ्यांच्या भिंतींत जाडी वाढल्याच्या खुणा आढळल्या. म्हणजे मिटलेल्या नळीचा यांत्रिक दाबच पेशींस जाणवतो आणि त्या भिंत जाड करू लागतात. “आपण पंप रुमालात गुंडाळून ठेवता,” आम्ही त्यांस म्हटले, “आणि मुलगा झटका अंगावर काढतो. तो झटका तेवढ्यावर संपत नाही. आत कोठेतरी त्याची नोंद राहते.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, हे मला कोणी सांगितलेच नाही. सगळ्यांनी सवयीचेच भय घातले.”

ते मुलास घेऊन घाटीत गेले. तेथे त्यांस दोन वेगळ्या पंपांचा भेद समजावून देण्यात आला: एक रोज घ्यावयाचा, सूज उतरविणारा, दुसरा अडचणीच्या वेळचा, आवळलेली पकड सोडविणारा. रोजचा पंप टाळून केवळ अडचणीच्या पंपावर भिस्त ठेवू नये, असा जागतिक तज्ज्ञांचा सल्ला 2019 सालापासून स्पष्टपणे देण्यात येत आहे. औषध घशात न अडकता छातीत उतरावे म्हणून पंपास जोडावयाची प्लास्टिकची पोकळ नळीही त्यांनी घेतली. आम्हीही शाळेत एक सुधारणा केली. वर्षारंभी भरून घ्यावयाच्या पत्रकात दम्याविषयी एक ओळ वाढविली, आणि ज्यांच्याजवळ पंप असेल त्यांनी तो दप्तराच्या तळाशी नव्हे, सदऱ्याच्या खिशात ठेवावा, असे वर्गावर्गांतून सांगितले. पहिल्या आठवड्यातच निरनिराळ्या इयत्तांतून पंप असे बाहेर आले की आम्ही चकित झालो. इतकी मुले आमच्या समोर बसून, आमच्या कवायती करून, आमची गीते गात होती आणि आम्हांस पत्ता नव्हता!

मुलगा पुढे गायनवृंदात आला. रेव्हरंड टिळकांची गीते आम्ही उपासनेत म्हणतो. त्यांतील लांब ओळींस श्वास पुरत नाही तेथे तो निमूटपणे मध्येच श्वास घेई आणि शेजारच्यास ओळ पुढे नेऊ देई. ही युक्ती त्याने कोणास विचारली नव्हती. पुढे सारा वृंदच तसे करू लागला आणि गीतात खंड पडेनासा झाला.

2019 सालच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा देवगिरीस गेलो. आता तो आठवीत होता, आणि रोजच्या औषधास वर्ष होत आले होते. डॉक्टरांचा होकार त्याच्या वडिलांनी लेखी आणून दिला होता. अंधारीच्या तोंडाशी त्याने खिशावर हात आपटून पंप आहे ना हे पाहिले, तोंडास रुमाल बांधला आणि रांगेत शिरला. आम्ही सर्वांच्या मागे. अंधारी संपली, तरी पायऱ्या काही संपेनात. बारादरीच्या अलीकडे आमचे पाय जड झाले, छाती भात्यासारखी होऊ लागली आणि आम्ही कठड्यास टेकून उभे राहिलो. वरून कोणीतरी दोन-दोन पायऱ्या टाकीत खाली आले. तोच होता. त्याने आमच्याकडे बारकाईने पाहिले, कान पुढे करून आमच्या छातीतून शीळ येते की काय ते ऐकले, आणि मग मोठ्या गंभीरपणे म्हणाला:

“सर, तुम्ही घ्या दीर्घ श्वास. तुम्हाला चालतो.”